मधली फरशी

“मागच्या खोलीतल्या मधल्या फरशीवरलं हळदकुंकू पुसू नको, पोरी. अन् तिथं लेकरू निजवू नको.”

बाळापूरचं घर घेतलं तेव्हा शेजारच्या भिकाबाईनं पुनमला बजावलं होतं. काहून, ते सांगितलं नाही. पुनम बी.ए. झालेली. ती हसली आणि पलंग नेमका तिथंच टाकला. भिकाबाई मात्र दर अमावस्येला पलंगाखाली वाकून कुंकवाचं बोट टेकवून जायची. पुढं ती डोंगरकडा गावाला लेकाकडं राहायला गेली.

एका दुपारी तिच्या पोराची, रुद्रची गोटी त्या फरशीच्या फटीत गेली. पुनम फटीला कान लावून बसली. उठली ती पलंग ओढत ओसरीत घेऊन आली. नवऱ्याला, योगेश मास्तरांना, एवढंच म्हणाली, “इथं करमत नाही.”

घर दोन लाखांना विकायला काढलं. तीन गिऱ्हाइकं आली आणि परत फिरली. समोरचा भुसारवाला व्यंकटराव तिघांनाही चहा पाजायचा. “त्या घरात लेकरू जगत न्हाई. पयली पोरगी गेली की त्यांची.”

पुनमची रीता न्यूमोनियानं गेली होती, नांदेडला. हे घर घेण्याच्या दोन वर्षं आधी.

चौथं गिऱ्हाईक व्यंकटराव स्वतःच.

“लाख देतो, मास्तर.”

“आम्ही दोन सांगितलेत.”

“सांगाया काय तकलीफ? असल्या घराला दुसरं कोन येऊन राहिलंय?”

योगेश उठायला लागला. पुनमनं चहाचा कप पुढं केला.

“काका, मागच्या खोलीचं काय करणार?”

“पोती लावतो. का वं, जीव गुंतला व्हय?”

“नाही. भिंतींना ओल आहे. जे ठेवाल ते मधोमध ठेवा.” मग योगेशकडं वळून म्हणाली, “लाखाला देऊन टाका.”

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी तिनं घर झाडलं. फट सिमेंटनं बुजवली. गुडघे टेकून मधली फरशी घासली, कुंकवाचा डागसुद्धा ठेवला नाही.

“भाव पाडला तरी घर धुऊन देऊन राहिली,” व्यंकटराव गल्लीत सांगत होता. “पोरीचं मन साफ हाय.”

हिंगोलीला येऊन आता चार महिने झालेत. परवा कळलं, व्यंकटरावनं तिथं पोती लावलीच नाहीत. त्याची लेक निता बाळंतपणाला आली आहे. खोली शांत म्हणून लोखंडी पाळणा तिथं मांडलाय. भिंतींना ओल, म्हणून मधोमध.

पाळणा तिथून काढा, असा पुनमनं दोनदा निरोप धाडला. “घर परत पाहिजे असंल,” म्हणून तो हसला.

त्या फरशीखाली आड आहे, न बुजवलेला. ती पुनम मीच, कुंकू पुसलं ते मीच. बाळापूरला कुणी जाणार असाल, तर आधी त्या पाळण्यातलं लेकरू बघून या.