पंचविशीचा रकाना

“यंदा औक्षण करायचंसच हं, आई. पंचविसावा वाढदिवस आहे,” गेल्या भेटीत तुरुंगातल्या काचेपलीकडून ऋत्विजने बजावलं होतं. मी हो म्हणून बसले होते.

आज तोच दिवस. आणि कचेरीत सकाळपासून मी युरोपातल्या देशांचा तक्ता जुळवत होते, कुठल्या देशात शंभर कैद्यांमागे पंचविशीच्या आतले किती. चार वर्षं हेच काम. डोळे शिणून गेलेत. माझा मुलगाही त्यातच मोजलेला आहे, हे इथे कुणाला ठाऊक नाही.

“वसुमती, आपला आकडा उतरला! शेजाऱ्यांना मागे टाकलं,” आमची प्रमुख मार्गिट केक घेऊनच आली. “तुझा आज गुरुवार ना? तुझा देव बरा केकच्याच दिवशी उपास धरायला लावतो!”

मी हसले. मग हळूच म्हटलं, “मुलं सुटलेली नाहीत गं. आतच पंचवीस पूर्ण करून पुढच्या रकान्यात गेलीत.”

तिने तक्त्यातला पुढचा रकाना बोटाने तपासला. “तळाला तशी टीप टाक,” एवढंच म्हणाली आणि केक न कापताच गेली.

मी टीप लिहिली. पुढच्या वर्षीच्या आकड्यातून माझाही एक वजा होईल.

निरांजन, सुपारी, अक्षता तुरुंगाच्या फाटकावरच ठेवून घेतात. बोटातली अंगठी तेवढी राहू देतात. तीच काचेसमोर ओवाळीन, असं मनाशी म्हणत मी पिशवी उचलली आणि ट्रामच्या थांब्याकडे निघाले.