पंचावन्न किलोमीटरची चूक

काजलच्या काठीची सावली साडेदहा सेंटिमीटर भरली, तेव्हा देवजी गुरुजींनी कपाळाला हात लावला.

टोकावड्याच्या एसटी थांब्यावर साडेबाराच्या सुमाराला खांबाची सावली त्याच्याच बुडाशी विरली होती. मे महिन्यात एक दिवस सूर्य असा नेमका डोक्यावर येतो. त्याच वेळी दूर उत्तरेला मीटरभर काठीची सावली मोजली, की दोन गावांमधल्या अंतरावरून पृथ्वीचा घेर निघतो. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीकानं असाच काढला होता. गुरुजींनी हा धडा चाळीस वर्षं शिकवला, करून मात्र एकदाही पाहिला नाही. मरायच्या आत एकदा पृथ्वी आपण मोजायची, एवढीच त्यांची हौस उरली होती. म्हणून दोन जुने विद्यार्थी कामाला लावले: जोधपूरला नर्स असलेली काजल आणि बिकानेरला नोकरी करणारा जगदीश.

"मोजून झाली का पृथ्वी? सातबारा कोनाच्या नावावर, गुरुजी?" चहावाल्या भगीरथनं विचारलं.

काजलच्या सावलीवरून घेर निघाला सेहेचाळीस हजार सहाशे वीस किलोमीटर.

"पृथ्वीला सूज आलीय का गो?" गुरुजी काजलला फोनवर म्हणाले. "साधी काठी सरळ धरता येत नाय?"



मग जगदीशचा आकडा आला. त्यावरून निघाले चाळीस हजार पंचावन्न. पुस्तकात चाळीस हजार. गुरुजींनी आकडा टपरीच्या फळ्यावर लिहिला, भोवती चौकट काढली आणि जमलेल्या सगळ्यांना चहा सांगितला.

चहा येईतो एसटीतून जगदीशची आई हिराबाई उतरली. हातात करवंदांची पिशवी.

"जगदीशनं दिलीत, गुरुजी. चार दिस झालं, इथं जवळ शहापुरात सासुरवाडीला आलाय ना तो."

गुरुजींनी फोन लावला.

"उत्तर पुस्तकात हायच की, गुरुजी," जगदीश हसत म्हणाला. "उत्तरावरून उलटं गणित करून सावली काढली. तुमी एवढी वाट बघत होता, नाय कसं म्हणू? वरचे पंचावन्न तेवढे मुद्दाम ठेवले. खरं वाटाया पायजे ना."

गुरुजींनी फोन ठेवला. मग त्यांनी काजलला फोन लावला.

"सावली किती होती म्हणालीस?"

"साडेदहा. चुकलं असंल, गुरुजी. चप्पल खाली राहिली नि गच्ची तापलेली. पाय भाजत होते, काठी हलली असंल."

गुरुजींनी चौकटीतला आकडा पुसला. तिथं सेहेचाळीस हजार सहाशे वीस लिहिलं.

"गुरुजी, साडेसहा हजार किलोमीटर चुकलं," भगीरथ म्हणाला.

"चुकलंय," गुरुजी म्हणाले. "म्हणजे मोजलंय."