बाबांच्या नावाचा इशारा

बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत आहेत, असा संदेश धाकटीच्या फोनवर आला, तेव्हा बाबांना जाऊन तीन महिने होत आले होते.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दोन्ही हात प्लास्टरने भरलेले होते. टेबलावर फोन थरथरला, पडदा उजळला आणि त्यावर बाबांचं पूर्ण नाव दिसलं, आडनावासकट. क्षणभर तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल, बाबा असतील कुठेतरी. मग ती भानावर आली. हात कसेबसे पुसले आणि घराकडे निघाली.

ते घड्याळ तिनेच बाबांना घेऊन दिलं होतं, त्यांची छाती एकदा दुखून गेल्यावर. इशारा आला की तो तिलाही कळावा, अशी सोय करून ठेवली होती. बाबांनी आधी कुरकुर केली. मग सगळ्यांना कौतुकाने मनगट दाखवत सुटले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी घड्याळातले ठोके वाचायला लावायचे आणि म्हणायचे, एवढं बारीक दिसतंय तर तुम्हाला चष्मा कशाला हवा? आई गल्ल्यावरून डोळे वटारायची. असं केलं तर दुकान कसं चालायचं, म्हणायची.

ज्या दिवशी बाबा दुकानात खुर्चीतच कलंडले, त्या दिवशी घड्याळ घरी चार्जिंगला लावलेलं राहिलं होतं. नंतर धाकटीने ते ड्रॉवरमध्ये ढकललं. तिला ते डोळ्यांसमोर नको होतं.

आणि आईच्या डोळ्यांसमोर तर बाबांचं काहीच नको, असं तिचं आणि दादाचं ठरलं. आई हाय खाईल, अशी दोघांना भीती होती. दादाने दुकान विकून टाकलं. वहिनीने एका दुपारी सगळे कपडे बांधून देऊन टाकले, फोटो माळ्यावर ठेवला. दारावरची पाटीसुद्धा बदलली. जेवताना कुणाच्या तोंडून बाबांचा विषय निघालाच, तर दुसरं कुणीतरी लगेच भाजीला मीठ कमी पडलंय का विचारायचं. आईही कधी काही बोलली नाही. आईने स्वतःला छान सावरलं, असं सगळे एकमेकांना सांगायचे. फक्त तिच्या हातून हल्ली कप फार फुटायचे. लक्ष नसतं तिचं, दादा म्हणायचा.

धाकटी घरात शिरली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. डाव्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही ढिला पडत होता, म्हणून त्यावर रबर गुंडाळलं होतं. बाबांचा फोन कपाटात, कपड्यांच्या मागे, चार्जिंगला लावलेला सापडला.

आता कुठे धाकटीच्या डोक्यात उजेड पडला. नाव बाबांचं होतं. ठोके आईचे होते.

तिने आईला तशीच रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. मग आईला उजवी मूठ वळायला सांगितली. दोन बोटं वळेनात. डॉक्टर शांतपणे समजावत गेले. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. अशाने रक्त साकळतं, त्याची गुठळी मेंदूत जाते. एक बारीकशी आधीच जाऊन आली होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या, आता पुढचा मोठा धोका बराच टळेल. बोटांचं मात्र ते सांगू शकत नव्हते.

घड्याळ कधीपासून वाजतंय, असं त्यांनी विचारलं. महिना झाला असेल, आई म्हणाली. मनगटावर थरथरायचं, मग नाव यायचं. दादाने बाबांचं सिमकार्ड बंद केलं होतं, म्हणून ते इशारे त्या फोनमध्येच अडकून पडले होते. आईने जुने फोटो बघायला आज सकाळी पहिल्यांदा त्याला वायफाय जोडलं, आणि त्यातला एक धाकटीपर्यंत पोहोचला.

डॉक्टर म्हणाले, घड्याळ हातातच राहू द्या, पण त्यात यांचं नाव आणि वय घाला. पुढच्या नोंदी यांच्या नावावर असायला हव्यात.

बाहेरच्या बाकावर बसून धाकटीने बाबांचा फोन उघडला. आईचं वय टाकलं. मग नाव खोडायला अंगठा टेकवला, तेवढ्यात आईने आपला उजवा हात त्यावर ठेवला. न वळणारी दोन बोटं तशीच ताठ होती.

"नाव राहू दे."

धाकटीचा इतका वेळ धरलेला धीर सुटला. "आई, महिनाभर वाजत होतं ते. आम्हाला सांगितलं का नाहीस? काही झालं असतं म्हणजे?"



"सांगितलं असतं तर तुम्ही काढून घेतलं असतं," आई म्हणाली. "घरात त्यांचं नाव घेणारं तेवढंच उरलं होतं गं."