विजेचा हात

या, पुढे सरकून बसा, कानात प्राण आणून ऐका. एका मामाची आणि त्याच्या भाचीची गोष्ट सांगायची आहे.

"खांदा सैल सोड," मामा म्हणाला. "मूठ आवळायची ती लागताना. वाटेतच आवळलीस की हात जड झाला म्हणून समज."

भाचीनं खांदा सोडला. मामाच्या हातात चामडी पॅड. तिनं ठोसा मारायचा, त्यानं पॅड मागे ओढायचं. ठोसा पॅडवर बसला तर ती जिंकली, हवेत गेला तर मामा. आई गेल्यापासून पोर त्याच्याकडेच वाढली, आणि एवढी वर्षं मामाच जिंकत आलेला.

त्या दिवशी मात्र पॅड ओढायच्या आत मूठ धडकली, आणि पॅड मामाच्याच गालावर आदळलं.

"वीज आहे गं पोरी, वीज," मामा गाल चोळत हसला. बघतो तर भाचीच्या डोळ्यांत पाणी. "अगं, मार मी खाल्ला, रडतेस तू?"

त्यानंतर तिचा एकही ठोसा हवेत गेला नाही. मामा भेटेल त्याला सांगत सुटला. एकदा म्हणाला, "आवाज का गं कमी येतो हल्ली?"

"खांदा सैल सोडलाय ना," भाची म्हणाली.

मामी दारातून हाक मारायची. "कौतुक आटपलं असेल तर चहा घ्या. आणि कालसारखा सांडू नका."

बॉक्सिंग संघाच्या निवडीचा दिवस उजाडला. "एवढं डोळ्यांनी पाहू दे देवा," मामा म्हणाला, "मग पॅड खुंटीला टांगायला मी मोकळा."

भाची पहिल्याच लढतीत हरली. समोरची मुलगी बाजूला सरकून जायची, मग हिची मूठ तिथं पोचायची.

घरी मामा सतरंजीवर बसून राहिला.

"घाबरलीस?"

"नाही."

"मग?"

"हाताला सवय लागली, मामा."

"कसली?"

भाची हाताच्या पट्ट्या सोडत राहिली.

मामीला ते बघवेना. तिच्या स्वतःच्या बोटांचे सांधे सुजलेले, बरणीचं झाकणही तिच्यानं उघडत नव्हतं. पण गुडघ्यावर हात टेकत उठली. "अहो, धरा ते पॅड. मी मारते. मला तरी हरवा आणि हसा एकदाचे."

मामाला हसू आलं. त्यानं पॅड धरलं.

ठप्प.

मामाचं हसू तिथंच थांबलं. "पुन्हा. आता हळू मार."

फळीवरची धूळ पुसावी तशी मामीनं मूठ पुढे नेली. ती पॅडवर येऊन टेकली. मामा ओढू पाहत होता, तरी पॅड होतं तिथंच होतं.

मामानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग भाचीकडे वळला.

"कधीपासून हळू मारतेयस?"

"तुमच्या गालाला लागलं तेव्हापासून."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा.