ठरलं एकदाचं

मोनिकाला संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागली, आणि पाचोड सोडून शहरात राहायला जायचं की नाही, यावर तिचा आणि नवऱ्याचा, शिवराजचा, महिनाभर खल चालला. दर रविवारी दोघं मोटारसायकलवर संभाजीनगरला जाऊन घरं बघायचे. गारखेड्यातल्या घराजवळ बाग होती, पण ते तिसऱ्या मजल्यावर. मुकुंदवाडीतलं तळमजल्यावर होतं, पण शेजारी ओळखीचं कुणीच नाही. प्रत्येक घर ते शिवराजच्या आईला, आशाबाईंना झेपेल का, एवढंच बघत. आशाबाईंचा सगळा जन्म पाचोडात गेलेला. त्यांना "चला" म्हणायची हिंमत मात्र दोघांनाही होईना.

शेवटी मोनिकानंच मन घट्ट केलं आणि नोकरी नाकारायचं ठरवलं. सकाळी चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या आशाबाईंना शिवराजनं सांगून टाकलं, "आई, ठरलं. मोनिका नोकरीला नाय म्हणणार. आपण इथंच राहू. तुला कुठंच जायला लागायचं नाय."

आशाबाईंचे हात थांबले. त्यांनी आधी लेकाकडं बघितलं, मग सुनेकडं. दोघांना वाटलं, आता म्हातारीला रडू फुटणार.

"आरं, मला इचारायचं तरी!" त्या ओरडल्याच. "तुमचं बोलणं ऐकून मी कधीच समद्या गल्लीला सांगून बसले. पाच घरची निरोपाची जेवणं झाली, बायांनी दोन साड्या नेसवल्या..."

"...आता मी इथं राहू कोणत्या तोंडानं?"