खांबाची ओळख

अदितीने खांब उलटा केला, सुलटा केला, ओल्या फडक्याने घासला. नंबर नव्हता. दुसऱ्यावर नव्हता, तिसऱ्यावरही नव्हता. नांदगाव पेठेच्या अलीकडच्या त्या गावात, शाळेमागच्या मोकळ्या जागेत बाराच्या बारा खांब चॉकलेटी ऑइलपेंट फासून लोळत होते.

"नंबर कुठे गेले?"

"रंग मारला ना, मॅडम," सरपंच पंजाबराव म्हणाले. "सव्वीस जानेवारीले पाहुणे येणार होते. ते आकडे कसे, मालगाडीच्या डब्यावरचे दिसत होते."

"मग खोलताना खडूने तरी टाकायचे होते."

"रस्त्यावाल्यायचा जेसीबी दारात येऊन उभा राह्यला. पोट्ट्यायनं घाईघाईत खोललं सारं. पण एक लाकूड फुटलं नाई, पाहा. मले वाटलं, खांब तो खांब."

खांब तो खांब! अदितीला हसावं की रडावं कळेना. गावाची ही अभ्यासिका तिनेच आखली होती. रस्ता रुंद होणार हे तेव्हाही कानावर होतं, म्हणून खिळा नाही, सिमेंट नाही, नुसत्या खुंट्या आणि बोल्ट. वेळ आली की खोला आणि दुसरीकडे उभी करा. पण सागवान अकोल्याच्या एका जुन्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निघालेलं, त्यात एका खांबाचं माप दुसऱ्याला लागत नव्हतं. ज्या खाचेसाठी जी तुळई कोरली, तीच तिच्यात बसणार. त्यासाठी तर नंबर घातले होते. ऊन, वाळवी, चोर, सगळ्यांचा तिने विचार केला होता. सव्वीस जानेवारीचा तेवढा राहून गेला.

पंचायतीतल्या काही जणांचा या लाकडी खेळण्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्यांनी अकोल्याचा एक लाकूडवाला बोलावून ठेवला होता. आज सांगाडा उभा राहिला तर ठीक, नाहीतर उद्या ट्रक भरायचा आणि टिनाचं शेड टाकायचं, असं ठरलं होतं. वऱ्हाडातला मे महिना आणि डोक्यावर टिन. त्याखाली पापड भाजतील, पोलीस भरतीचा अभ्यास कोण करणार?

शालिकराम मिस्त्रीने दोन खांब अंदाजाने उभे केले. तुळई अर्धी शिरली आणि अडली. त्याने हातोडा उचलला.

"नको, दादा. फुटेल," अदिती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

रागिणी पाण्याचा तांब्या घेऊन आली. अभ्यासिकेत ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. अदितीच्या हातात तांब्या देता देता ती थबकली आणि एका खांबाशी वाकली.

"हा तं माहा खांब हाय."

"कशावरून?"

"डोकं टेकून टेकून तेल लागलं ना. हा पाहा डाग. माही जागा खिडकीजवळची, निंबाकडची."

चॉकलेटी रंगावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीला, एक काळपट गोल चकाकत होता. अदितीने तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायचं ती विसरूनच गेली.

मग काय, पोरांना हाका गेल्या. जो तो आपापला डाग शोधू लागला. श्यामच्या खांबाला डोकेदुखीच्या बामाचा वास येत होता. एकाचा रंग डोकं आपटून आपटून उडाला होता. "हा गणितवाला बंडू," असं सगळे एकदमच म्हणाले. कोणाच्या डावीकडे कोण बसतं, कोणाच्या मागे कोण डुलक्या घेतं, हे ज्याला त्याला पाठ होतं. तुळयांवरचे नंबर वरच्या अंगाला होते आणि रंगाऱ्याने वर चढायचा कंटाळा केला होता, म्हणून ते वाचले. एकेक तुळई मुकाट खाचेत बसत गेली.

शेवटी दारातले दोन खांब उरले. दारात कोण बसतं? डाग नाही, वास नाही. डावा कुठला, उजवा कुठला, कोणाला सांगता येईना. चुकीचा उभा केला तर दारावरची तुळई बसणार नव्हती, आणि ऊन तर कलायला लागलं होतं.

रागिणीने त्यातला एक कुशीवर वळवला. त्याच्यावर उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीला बोटांचे पांढरे फराटे होते. चुना. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. 'आवारात तंबाखू खाण्यास सक्त मनाई, आदेशावरून सरपंच' ही पाटी तिथंच बाजूला, भिंतीच्या फळ्यांना टेकून ठेवलेली होती.

सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला.

"उजवीकडला," ते म्हणाले. "चप्पल काढाले उभा राह्यतो ना मी, तवा."

उजवीकडे उभा केला. शालिकरामने तळहाताने दोन थापा मारल्या आणि तुळई धप्पकन आपल्या जागी बसली. अदितीचा जीव भांड्यात पडला. ती हसत सुटली. ठेवलेलं पाणी एका दमात प्यायली. लाकूडवाल्याला परस्पर फोन गेला की बावा, येऊ नको.

दिवेलागणीला अभ्यासिका आपल्या पायावर उभी होती. छत उद्या चढणार होतं, तरी पोरं आपापल्या खांबाला टेकून बसलीच. पंजाबराव दारात आले, चप्पल काढली, सवयीने तंबाखू मळली. चुन्याचं बोट खांबाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. त्यांनी ओशाळून अदितीकडे पाहिलं.

"पुसा बोट, काका," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला लागेल."