वरचं पान

लग्नानंतर माहेरून आणलेली माझी रबर प्लांटची कुंडी सासूबाईंनी भर उन्हात गच्चीवर ठेवली. “झाडाला कसले लाड? जगायचं असेल तर जगेल,” म्हणाल्या. मी तापाने फणफणले, तेव्हा माझ्याबद्दलही त्यांनी नवऱ्याला हेच सांगितलं. करपलेल्या झाडाची एक हिरवी फांदी मी पाण्यात जगवली. तिचं झाड आता माझ्या खांद्याला लागतं आणि मुद्दाम सासूबाईंच्या पलंगासमोर उभं असतं. अर्धांगवायूने त्या अंथरुणाला खिळल्यात. रोज सकाळी मी कोमट पाणी आणि मऊ फडकी आणते. आधी झाडाचं एकेक पान पुसते, मग त्यांचं अंग. तोवर पाणी गारढोण झालेलं असतं. सुरुवातीला त्या कुरकुरल्या. “कसले लाड?” एवढंच मी म्हणाले. आज पानं पुसून त्यांच्याकडे वळले, तर जड जिभेने म्हणाल्या, “सूनबाई, वरचं पान राहिलं.” मी ते सावकाश पुसलं.